शून्य पौंडांचं बिल

दहा वर्षं एका देशात राहिल्याचं सिद्ध करायचं असतं, आणि अर्जात सगळ्यांत लांबलचक तक्ता असतो तो आपण तिथं नव्हतो त्या दिवसांचा. कधी गेलात, कधी परतलात, कुठं गेलात, कशासाठी गेलात. ब्रिटनमध्ये कायमचं राहण्याची परवानगी मागताना हा तक्ता भरावा लागतो. मी तो भरला तेव्हा माझी इथली सगळी वर्षं त्यात इचलकरंजीच्या फेऱ्यांच्या रूपानं उतरली.

या परवानगीला इथं सगळे आयएलआर म्हणतात. तिच्याकडं जाणाऱ्या अनेक वाटांपैकी एकीचं नाव 'लाँग रेसिडेन्स'. दहा वर्षं सलग आणि कायदेशीर राहिलेल्या माणसाला तिच्यावरून अर्ज करता येतो. नोकरीच्या व्हिसावर पाच वर्षं काढून अर्ज करणाऱ्याला आधीची शिक्षणाची वर्षं धरून मिळत नाहीत. एमएस्सी आणि पीएचडीची चार-पाच वर्षं त्याच्या हिशेबातून जातात. लाँग रेसिडेन्समध्ये ती धरतात. प्रयोगशाळेत काढलेल्या रात्री, भाड्याच्या खोलीतले हिवाळे, इथल्या पोरांना शिकवलेले तास, या सगळ्याला 'राहणं' म्हणणारा हा एक नियम आहे, आणि म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो.

त्याचं मूळही जाणून घेण्यासारखं आहे. १९५५ साली युरोपातल्या देशांनी परस्परांच्या नागरिकांच्या वास्तव्याबद्दल एक करार केला. दहा वर्षांहून जास्त काळ कायदेशीर राहिलेल्या माणसाला राष्ट्रीय सुरक्षा किंवा तसंच फार गंभीर कारण असल्याशिवाय देशाबाहेर काढू नये, असं त्यात एक कलम होतं. ब्रिटननं १९६९ मध्ये त्याला मान्यता दिली आणि पुढं सवलत म्हणून तोच विचार सगळ्या देशांच्या लोकांना लावला. २००३ मध्ये ती सवलत नियमांत आली. दहा वर्षं एका ठिकाणी राहिलेल्या माणसाची मुळं तिथं रुजलेली असतात, एवढं साधं शहाणपण त्यामागं आहे.

मी सप्टेंबर २०१४ मध्ये लीड्सला आले. इचलकरंजीच्या मुलीनं लीड्सला यावं यात नवल नाही. हेही एके काळी कापडाचंच गाव, आणि रंगरसायनांचा अभ्यास इथं जुना. पंचगंगेत रंगाचं पाणी मिसळताना बघत मी मोठी झाले. ते पाणी स्वच्छ कसं करता येईल हाच माझा पीएचडीचा विषय झाला. या विषयानं पुढं माझ्या अर्जाचा हिशेब कसा बदलला ते सांगतेच.

आधी कागदांचं. विद्यार्थी या देशात राहतो खरा, पण त्याच्या नावानं कागद तयार होत नाहीत. पहिलं वर्ष विद्यापीठाच्या हॉलमध्ये जातं. तिथं वीज, पाणी, इंटरनेट सगळं भाड्यातच येतं, म्हणजे नावावर एकही बिल नाही. मग आपण चार-पाच जण मिळून घर घेतो. विजेचं बिल एकाच्या नावावर, गॅस दुसऱ्याच्या, इंटरनेट तिसऱ्याच्या. आपण महिन्याला आपला वाटा ट्रान्सफर करून मोकळे. बँकेचं स्टेटमेंट ऑनलाइन. आणि इथल्या कुठल्याही सरकारी कामात पत्त्याचा पुरावा म्हणून ज्याला पहिला मान, तो काउन्सिल टॅक्सचा, म्हणजे इथल्या घरपट्टीचा, कागद. तर पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला तो करच माफ. विद्यार्थ्याच्या खिशाचा विचार करून दिलेली ही माफी चांगलीच आहे. पण तिचा एक परिणाम असा, की करदात्यांच्या यादीतून जो माणूस सहज सापडला असता तो सापडेनासा होतो.

मला वाट सापडली ती या माफीतूनच. माफी आपोआप मिळत नाही. विद्यापीठाकडून पूर्णवेळ विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र घेऊन काउन्सिलला द्यावं लागतं, मग काउन्सिल घरातल्यांच्या नावानं बिल पाठवतं: वर्षाचा कर अमुक, विद्यार्थी म्हणून सूट अमुक, भरायची रक्कम शून्य. शून्य पौंडांचं बिल बहुतेक घरांत पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात जातं. आमच्या घरी मात्र बाबांची शिस्त: सरकारी शिक्का असलेला कागद फाडायचा नाही. यंत्रमागाच्या धंद्यात वीजबिलाच्या सवलतींसाठी त्यांनी किती जुने कागद किती कचेऱ्यांत दाखवले ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. मी ती शून्याची बिलं वर्षावार फाइलमध्ये लावत गेले. त्या कागदावर माझं नाव होतं, पत्ता होता, वर्ष होतं, आणि मी या शहरात विद्यार्थी म्हणून राहते असं शहरानंच लिहून दिलं होतं.

दुसरा कागद मिळाला तो मतदार यादीचा. राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्यालाही, इथं राहत असताना मतदानाचा हक्क आहे. विद्यार्थी व्हिसावर असलो तरी. आपल्याकडची कितीतरी मुलं इथं शिकून परत जातात आणि त्यांना हे कधी समजतही नाही. मी नाव नोंदवलं होतं. २३ जून २०१६ ला युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही याचं सार्वमत झालं, तेव्हा मी मतदान केलं. माझ्या घरात राहणारी इटालियन मैत्रीण माझ्याआधी कित्येक वर्षं या देशात आलेली, तिला मत नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात बसलो होतो आणि मला तिच्याकडं बघवेना. तिचं आयुष्य ज्यानं बदलणार त्यावर मी शिक्का मारून आले होते.

पुढं तिची जी धावाधाव झाली, ती मी जवळून पाहिली. सार्वमतानंतर युरोपातल्या लोकांनी कायम वास्तव्याचे अर्ज करायला सुरुवात केली. अर्ज ८५ पानांचा. नोकरी करणाऱ्यांना पगाराच्या पावत्या पुरत. विद्यार्थ्यांना मात्र शिकत असतानाच्या सगळ्या काळासाठी खासगी आरोग्य विमा होता हे दाखवावं लागे. तो लागतो हे बहुतेकांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. ती आजारी पडली की सरकारी दवाखान्यात जायची, तिथं तिला कुणी अडवलं नव्हतं. आता कळलं की त्या दवाखान्याच्या नोंदी विम्याच्या जागी चालत नाहीत. पाच वर्षं ती याच रस्त्यांवरून चालली, इथं पदवी घेतली, आणि कायद्याच्या नजरेत ती वर्षं उभीच राहिली नाहीत. २०१९ मध्ये नवी योजना पूर्णपणे सुरू झाली तेव्हा विम्याची अट गेली. तिथंही सरकार आधी करखात्याच्या नोंदींत तुमचं नाव शोधतं. नोकरी करणारा मिनिटांत सापडतो आणि विद्यार्थ्याला एकेक कागद चढवावा लागतो. तिनं विद्यापीठाची पत्रं जमवली, घरमालकाकडून जुने करार मागून आणले. तिला परवानगी मिळाली तेव्हा आमच्या घरात मी पुरणपोळ्या केल्या होत्या.

२०१८ च्या वसंतात 'विंडरश पिढी'ची प्रकरणं बाहेर आली. लहानपणी आईबापांबरोबर कॅरिबियन बेटांतून आलेली, सगळं आयुष्य इथं काढलेली, म्हातारी झालेली माणसं. त्यांच्याकडं प्रत्येक वर्षाच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले. कुणाची नोकरी गेली, कुणाचे उपचार थांबले, काहींना देशाबाहेर काढलं. ते ज्या बोटींनी आले त्या वेळच्या नोंदींची लँडिंग कार्डं सरकारनंच २०१० मध्ये नष्ट केली होती. ती बातमी वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. आपलं राहणं आपल्याला माहीत असतं, शेजाऱ्याला माहीत असतं, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माहीत असतं. तरी एखाद्या दिवशी एक अधिकारी अमुक सालाचा कागद दाखवा म्हणू शकतो. पन्नास वर्षं राहिलेल्यांची ही गत, तर विद्यार्थ्याची काय कथा? मी त्या आठवड्यात सगळे घरभाडेकरार, विद्यापीठाची पत्रं, शिकवण्याच्या पगाराचे पी-६० (वर्षाच्या पगाराचे आणि कराचे दाखले) स्कॅन करून ठेवले.

आता पासपोर्ट. या देशातून बाहेर पडताना कुणी शिक्का मारत नाही. येताना मारायचे, जाताना विमान कंपनी पासपोर्ट बघते, सुरक्षा तपासणी होते आणि माणूस थेट विमानात. त्यामुळं आपण इथून कधी गेलो याचा हातात धरता येईल असा पुरावा मुंबईच्या विमानतळावर तयार होतो. तिथला अधिकारी येतानाही शिक्का मारतो आणि जातानाही. ब्रिटनमधलं माझं वास्तव्य किती सलग होतं ते सांगायला मुंबईचे शिक्के साक्षीला आले. काही इतके फिके की तारीख वाचायला भिंग लागावं, काही एकावर एक. मोजण्याची रीत अशी, की अनुपस्थितीचे पूर्ण दिवसच धरतात. निघालो तो दिवस आणि पोचलो तो दिवस सोडून देतात. संध्याकाळी लंडनहून निघालं की सकाळी मुंबई, म्हणजे मुंबईच्या आगमनाच्या शिक्क्यावरचा दिवस हा गैरहजेरीचा पहिला दिवस. परतताना मध्यरात्रीनंतरचं विमान त्याच सकाळी लंडनला पोचतं, म्हणून तो दिवस मोजायचा नाही. हे समजलं की शिक्क्यांवरून सगळा तक्ता उलगडत जातो.

आपला पासपोर्ट दहा वर्षांचा, त्यामुळं या वाटेवरच्या बहुतेकांचे दोन पासपोर्ट होतात. जुन्याचा कोपरा कापून तो रद्द करून परत देतात. पहिला विद्यार्थी व्हिसा त्यातच चिकटवलेला असतो, पहिल्या आगमनाचा शिक्का त्यातच असतो. माझ्या ओळखीतल्या एकाच्या आईनं घर आवरताना 'संपलेला पासपोर्ट' म्हणून तो रद्दीत दिला. त्याला ब्रिटनच्या गृहखात्याकडून स्वतःच्या प्रवासाच्या नोंदी मागवाव्या लागल्या. माहिती संरक्षणाच्या कायद्यानं त्या फुकट मिळतात, साधारण महिन्याभरात. पण त्यांत गाळलेल्या जागा असतात, त्या विमानाच्या तिकिटांच्या ईमेलवरून भराव्या लागतात.

आणि मर्यादा. ११ एप्रिल २०२४ च्या आधी हिशेब असा होता: एका वेळी १८४ दिवसांपेक्षा जास्त बाहेर नाही, सगळे मिळून ५४८ पेक्षा जास्त नाही. त्या दिवसापासून नवा: कुठल्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपर्यंत. ५४८ हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. पण पीएचडीच्या काळात मी पाण्याचे नमुने घ्यायला इचलकरंजीला जायचे. उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी आटलेलं असतं तेव्हा एकदा, पावसाळ्यानंतर एकदा. विद्यापीठाच्या लेखी ते संशोधन होतं. मार्गदर्शकांची सही, प्रवासाची परवानगी, जोखीम तपासणीचा अर्ज, सगळं रीतसर. गृहखात्याच्या लेखी तेच दिवस ब्रिटनबाहेरचे. मी नदीकाठी बाटल्या भरत होते ती ब्रिटनमधल्या पदवीसाठीच. तरी ते दिवस वजाबाकीत गेले. त्यामुळं घरी निव्वळ घरी म्हणून जायचे दिवस मी कमी करत गेले. मामेबहिणीचं लग्न सुटलं, दोन गणपती सुटले. आई फोनवर म्हणायची, "नमुने घ्यायला येतेस तेव्हा दोन दिवस जास्त काढ की गं." मी ते दोन दिवस काढत नसे.

आजी गेली ते मात्र कुठल्याच तक्त्यात नाही. एमएस्सी संपून पीएचडी सुरू होत होती, २०१५ चा ऑक्टोबर. इथूनच व्हिसा वाढवायचा अर्ज केला होता आणि पासपोर्ट गृहखात्याकडं होता. अर्ज वेळेत केला की जुना व्हिसा संपला तरी निर्णय होईपर्यंत राहणं कायदेशीरच धरलं जातं. १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यातलं ३सी कलम ते संरक्षण देतं. फक्त या काळात देश सोडायचा नाही. सोडला तर अर्ज मागं घेतला असं समजतात. दसरा झाला होता, दिवाळी यायची होती. बाबांनी पहाटे फोन केला. "तू यायचं मनात आणू नकोस," ते म्हणाले. त्यांना नियम ठाऊक नव्हता. पासपोर्ट माझ्याजवळ नाही एवढंच ठाऊक होतं. मी दहाव्याला व्हिडिओवर होते. घाटावर वारा होता, कुणाचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

अर्जात जाण्याची कारणं विचारतात. न जाण्याची विचारत नाहीत. माझ्या दृष्टीनं माझं 'सलग वास्तव्य' त्या आठवड्यात सगळ्यांत घट्ट होतं, आणि त्या आठवड्यासमोर लिहायला काहीच नाही. नव्या नियमांत जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा जिवावरचं आजारपण हे जास्त दिवस बाहेर राहण्यासाठी योग्य कारण मानतात, आणि ते माणुसकीला धरून आहे. अर्ज अडकलेला असतानाही माणसाला अशा वेळी चार दिवस जाऊन येता यावं, एवढी सोय करणं अवघड नसावं असं मला मनापासून वाटतं.

साथीच्या वर्षांत दिवसांचे हिशेब सगळ्यांचेच कोलमडले. भारतानं २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधे फक्त ठरावीक खास उड्डाणं. २३ एप्रिल २०२१ ला ब्रिटननं भारताला लाल यादीत टाकलं. इथं राहण्याचा परवाना असलेल्यांना यायची मुभा होती, पण दहा दिवस हॉटेलात विलगीकरण आणि त्याचे एका माणसाला १,७५० पौंड. नागपूरला अडकलेला एक मुलगा तेव्हा मला मेसेज करायचा. वडील ऑक्सिजनवर, वर्ग ऑनलाइन, दुपारी जेवायच्या वेळी लीड्सचं सकाळचं लेक्चर. त्याची फी इथं भरलेली, खोलीचं भाडं इथं चालू, पुस्तकं इथं कपाटात, आणि तो नागपुरात. साथीमुळं प्रवास अडला असेल तर ते दिवस सोडून देण्याची तरतूद नियमांत आली. पण अडला होता हे दाखवायचं काम त्याचंच. रद्द झालेल्या तिकिटांचे ईमेल त्यानं अजून जपून ठेवलेत.

या सगळ्यात मला बाबासाहेबांची आठवण व्हायची. १९१६ मध्ये ते लंडनला शिकायला आले, बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळं १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून परतावं लागलं. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल अशी परवानगी विद्यापीठानं दिली होती. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला आणि १९२० मध्ये ते परत आले. तेव्हा हिंदुस्थानातला माणूस ब्रिटिश प्रजाजन होता. राष्ट्रकुलातल्या लोकांच्या येण्यावर निर्बंध घालणारा पहिला कायदा १९६२ चा. त्यांची ती तीन वर्षांची गैरहजेरी आजच्या तक्त्यात टाकली तर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू झालं असतं. लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते घर २०१५ मध्ये विकत घेतलं, आज तिथं स्मारक आहे. बाहेरच्या निळ्या फलकावर ते इथं राहत होते असं लिहिलंय. एका विद्यार्थ्याचं वर्षा-दीड वर्षाचं भाड्यानं राहणं! मी तिथं गेले तेव्हा त्या फलकापुढं बराच वेळ उभी होते. शिकायला आलेला माणूस राहतोच. त्याचं राहणं तात्पुरतं आहे असं म्हणून कुणी ते पुसू नये.

बाकीचं लवकर उरकलं. 'लाइफ इन द यूके'ची परीक्षा ४५ मिनिटांची, २४ प्रश्न, १८ बरोबर यावे लागतात. इंग्रजीसाठी इथली पदवी चालली. दहा वर्षं पुरी व्हायच्या २८ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. २०२४ मध्ये फी २,८८५ पौंड होती. बोटांचे ठसे दिले, फोटो दिला, वाट पाहिली, परवानगीचा ईमेल आला. आईनं ग्रामदैवताला नारळ फोडला आणि पहिला प्रश्न विचारला, "आता कितीही दिवस राहता येईल ना इकडं?" तिला सांगितलं, दोन वर्षं सलग बाहेर राहिले तर हे जातं, त्याच्या आत कितीही. त्या वर्षी दिवाळी आणि त्यानंतरची तुळशीची लग्नं दोन्ही मी घरी केली.

ब्रिटिश सरकारच्या मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्यासाठीची नेहमीची मुदत पाच वर्षांवरून दहा करण्याचा प्रस्ताव आला, आणि शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षाचा होणार आहे. मुदत कितीही ठेवा, पण त्यात शिकण्याची वर्षं धरा, असं माझं ठाम मत आहे. परदेशी विद्यार्थी स्थानिकांच्या कित्येक पट फी भरतो, आरोग्याचा अधिभार भरतो, त्याच्या हजेरीची नोंद विद्यापीठ ठेवतं आणि ती तुटली तर गृहखात्याला कळवतं. इतकं नीट नोंदलेलं वास्तव्य दुसऱ्या कुणाचं असेल?

या सप्टेंबरात सोलापूरची एक मुलगी आमच्या विभागात पीएचडीला आली. तिचं काम उजनीच्या पाण्यावर आहे. परवा कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं, "ताई, फील्डवर्कला तीन महिने जाऊ का? की पुढं अडचण येईल?" मी तिला म्हटलं, जा. कुठल्याही बारा महिन्यांत १८० च्या आत राहा आणि त्यात घरचे दिवसही धर, ते सोडून देऊ नकोस. मार्गदर्शकांकडून पत्र जायच्या आधी घे, आल्यावर नको. मुंबईला शिक्का फिका पडला तर तिथंच काउंटरवर दुसरा मागून घे, आणि बोर्डिंग पासचा फोटो स्वतःलाच ईमेल कर. तिनं वही काढली आणि सोलापूरला जायची तारीख लिहिली.